वंदनाचा हात

हे मी कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही — त्याला माहीतच असेल म्हणून सोडून दिलं. आज तुम्हाला सांगते.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी आणि वंदना सोबतच पीएचडीला लागलो. काम काय, तर जिवाणू साखरेच्या पाण्यात वाढवायचे आणि ते जो डिंकासारखा चिकट पदार्थ तयार करतात, तो जास्तीत जास्त कसा निघेल ते बघायचं. साखर किती, ऊब किती, आंबटपणा किती. निघालेला डिंक ओव्हनमध्ये सुकवायचा आणि वजन उतरायचं थांबलं की मगच लिहायचं. शेंबड्या पोरालाही कळेल असा नियम.

त्या दुपारी सरांना आकडा दाखवायचा होता. बशीतला डिंक वरून वाळला होता, आत ओला. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी तोलला, लिहिला. सर काय खूश झाले! हुशार पोरीचे आकडे कोण तपासतं? दोन दिवसांनी तीच बशी पुन्हा तोलली — वजन निम्मं. मी बशी धुऊन टाकली.

पुढे माझीच कृती वंदनाला मोठ्या भांड्यात करायला दिली. तिला दरवेळी निम्माच डिंक मिळे. दोन वर्षं बिचारीनं काय नाही केलं — भांडी पुन्हापुन्हा उकळली, साखरेऐवजी इतवारीच्या बाजारातून वेगवेगळा गूळ आणून पाहिला. सर तिला सगळ्यांसमोर बोलत. आणि मी? मी तिला चहा पाजायची. "होते वं असं कधीकधी," म्हणायची. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं माझी पीएचडी गेली असती ना!

शेवटी तिनंच सोडली. मी झाले डॉक्टर.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले होते. गप्पा मारता मारता दूध कोमट झालं आणि तिनं विरजणाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"तूच लाव वं. माझ्या हाताले गुणच नाही, तुले तं माहीत आहे. एरवी सासूबाईच लावतात."

हसत म्हणाली. हसत! तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. लाज वाटते सांगायला — मी चमचा घेतला आणि विरजण लावलं.

सकाळी तिचा फोन आला. "कवडीसारखं लागलं वं दही!"

मी म्हटलं, "हो का?"