तीस दिवसांचा नियम

दीपाला एका जागी बसवत नाही. बेटेगावच्या आम्हा दोघींच्या खोलीत ती बोलता बोलता पाण्याची बाटली भरते, ओतते, पुन्हा भरते. आठवडाभर ती तारापूरच्या एका कारखान्यात नमुने तपासते आणि रविवारी एका मोबाइल अ‍ॅपचं काम पाहते. पाड्यांवरच्या लहान मुलांच्या लसींची नोंद ठेवणारं हे अ‍ॅप कोणीही फुकट वापरावं, कोणीही सुधारावं असं आहे. वीसेक जण सवडीने त्यात भर घालतात. दीपाला कोड लिहिता येत नाही. आलेल्या तक्रारी लावून ठेवायच्या, कोणती आधी सोडवायची ते ठरवायचं, नव्या आवृत्तीची तारीख सगळ्यांना पाळायला लावायची, हे तिचं काम.

ती आली तेव्हा तीनशे तक्रारी नुसत्या पडून होत्या. तिने नियम केला: आपण विचारलेल्या प्रश्नाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. यादी एकतीसवर आली. कोड लिहिणारा बोईसरचा रूपेश म्हणाला, हिच्या हाती केरसुणी दिली तर ही घरातली माणसंही झाडून काढेल. तिला ते कौतुकच वाटलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चारला नवी आवृत्ती निघायची होती. फोन हलके राहावेत म्हणून ही आवृत्ती बरेच दिवस नोंद नसलेली नावं कायमची पुसणार होती. सकाळी दीपा, हाताला चाळा म्हणून, बंद झालेल्या तक्रारी चाळत होती. त्यात फेब्रुवारीतली एक सापडली. डोंगराकडच्या पाड्यावर आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई जयवंतीबाईंनी लिहिलं होतं, कामाला बाहेर गेलेल्या घरांतल्या पोरांची नावं अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत. खाली अ‍ॅपवाल्यांपैकी कोणीतरी विचारलं होतं, एखाद्या मुलाच्या कार्डाचा फोटो पाठवा. उत्तर नाही. तिसाव्या दिवशी बंद.

दीपाने फोन लावला. लागेना. ती गच्चीवर गेली, खाली आली, परत वर गेली. अकराच्या सुमाराला लागला.

"ताई, तुम्ही उत्तर का नाही दिलंत?"

"कार्डं आयांजवळ, आन् आया वीटभट्टीवर. त्या आल्याबिगर मी काय दाखवू? तुमी थांबला असाल, असा मना वाटला."

दीपा गच्चीतच खाली बसली.

"काल पाच घरं आली," जयवंतीबाई म्हणाल्या. "कार्ड हाय आता. फोटू धाडू?"

फोटो आला. घामाने मऊ पडलेलं कार्ड, त्यावर तीन डोसांच्या तारखा आणि नाव, बायडी. बरेच दिवस नोंद नाही म्हणून अ‍ॅपने हे नाव यादीतून काढलं होतं, पण आत कुठेतरी ते अजून शिल्लक होतं. चारनंतर तेही राहिलं नसतं. मग हे कार्ड हरवलं, की बायडी पुन्हा पहिल्या डोसापासून.

रूपेशशी अर्धा तास वाद झाला. सोमवारी चार ठिकाणी नव्या आवृत्तीचं प्रशिक्षण होतं, माणसांनी रजा घेतल्या होत्या. एका बाईसाठी हे सगळं थांबवायचं का, असं त्याने विचारलं.

"ती थांबली होती," दीपा म्हणाली. "आपण नाही थांबलो."

त्याने आवृत्ती रोखली. दीपाने आपला नियम काढून टाकला आणि उत्तराअभावी बंद झालेली एकेक तक्रार उघडत गेली. संध्याकाळपर्यंत यादी एकशे चौदावर पोचली. त्या तक्रारी करणाऱ्यांपैकी किती जणी अशाच कोणाची तरी वाट पाहत असतील, ते कळायला मार्ग नव्हता.

रूपेशने नवी तारीख विचारली. तिने तारखेची जागा रिकामी ठेवली, यादीतला पहिला नंबर लावला आणि रेंज शोधत जिना चढू लागली.