कडब्याच्या भिंतीची मोटार

पुंजाजींना कुणी सल्ला दिला की ते शेवटपर्यंत ऐकून घेत, मान डोलवत, आणि मग आपलंच करत. देऊळघाटात त्यांच्या मळ्याला लागून माझा मळा, त्यामुळे हे मी कितीदा तरी पाहिलं. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, तर जन्मभर पाहिलं. "ऐकाचं साऱ्यायचं अन् कराचं मनचं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि पुंजाजी तेही मान डोलवून ऐकत.

मराठी राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. पुंजाजी वांगी, मेथी, मुळे पिकवायचे आणि आपल्याच मोटारीतून बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. मोटार म्हणजे सरकारी लिलावात घेतलेली जुनी व्हॅन. एके काळी ती देवी टोचणाऱ्या लोकांना घेऊन खेडोपाडी फिरायची. एका अंगाला भलीमोठी लाल फुली होती, ती पुंजाजींनी तशीच ठेवली होती. दुसऱ्या अंगाचा पत्रा गंजून त्याची चाळणी झाली होती. इंजिन मात्र इमानी होतं.

मनकर्णाबाईंना दमा होता. थंडी पडली की छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. त्यांच्या माहेरच्या देवीची जत्रा नेमकी पौषी पौर्णिमेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीच्या वाळूत. तिथे गाडीखाली नाहीतर झाडाखाली पडायचं, आणि पहाटे अंगावरचं घोंगडं दवानं भिजून निघायचं. मनकर्णाबाईंचं जाणं बंद झालं होतं.

साधी जत्रा असती तर गोष्ट वेगळी. पण त्यांच्या वडिलांचा नवस होता की दोघी लेकी मिळून देवीची ओटी भरतील. एकीनं भरली तर ती भरली असं धरायचं नाही. थोरली कौशल्याबाई वरवट बकालला दिलेली. ती दरवर्षी जायची, चिंचेच्या झाडाखाली गाडी सोडायची, धाकटीची वाट पाहायची आणि खण-नारळ तसाच घेऊन परत जायची. मागच्या साली तिनं निरोप धाडला होता, "मनूले सांगा, माह्ये गुडघे गेले. आता एखादंच साल निभन."

तो निरोप ऐकून मनकर्णाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. पुढच्या थंडीला पुंजाजींनी मोटार रिकामी करून मळ्यात उभी केली.

आधी त्यांनी तळ घेतला. पत्र्याचा तळ थंडीत बर्फ होतो, म्हणून कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती अंथरली आणि वर फळ्या ठोकल्या. त्यावर पलंगासारखा माचा केला, त्याखाली कप्पा. शेगडीचा धूर दम्याला चालणार नाही, म्हणून विटा बाहेरच्या जाळात तापवायच्या, पोत्यात गुंडाळायच्या आणि कप्प्यात सरकवायच्या. ही युक्ती मला खरंच आवडली आणि मी तसं म्हणालोही. हवा यावी म्हणून छतापाशी मुठीएवढा झरोका ठेवला. राहिली ती गंजकी बाजू. तिथला पत्रा त्यांनी उचकटून काढला, बांबूचा सांगाडा बसवला आणि त्यात नव्या ज्वारीचा कडबा दाबून दाबून भरला. बाहेरून बारदान शिवलं, आतून शेणमातीनं लिंपून घेतलं.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "कडबा कायले? तुराट्या लावा. कडबा म्हंजे ढोराचं खाणं."

"तुराटीतून वारा येते. कडबा गरम राह्यते."

"जत्रेत बैलं राह्यतेत म्हटलं."

पुंजाजींनी मान डोलवली आणि आणखी चार पेंढ्या कोंबल्या.

बहिणीला निरोप धाडावा असं मीही सुचवलं. पण त्यांना कौशल्याबाईंना चकित करायचं होतं. निघायच्या दिवशी मनकर्णाबाईंनी लाल फुलीला कुंकू कालवून चार पाय काढले. झालं स्वस्तिक. नारळ फोडला आणि दोघं घाट उतरून गेली. यापुढचं मला दोघांनीही सांगितलं आहे, आणि कधी नव्हे ते दोघांचं सांगणं जुळतं.

पौर्णिमेला दोन दिवस होते. चिंचेखाली अजून कुणी आलं नव्हतं. पुंजाजींनी मोटार बरोबर झाडाशी लावली, फुलीची बाजू रस्त्याकडे आणि कडब्याची बाजू झाडाकडे. त्या रात्री मनकर्णाबाई एकदाही न खोकता झोपल्या. सकाळी पुंजाजी मिशीला पीळ देत बाहेर आले. वाळूत दोन-तीनशे गाड्या सुटलेल्या होत्या, आणि त्यांच्या चिंचेभोवती कुत्रंसुद्धा नव्हतं.

रात्रीच्या दवानं कुंकवाचे चारही पाय धुऊन नेले होते. रस्त्यावरून दिसत होती ती नुसती लाल फुली. बाया लेकरांना पदराखाली घेऊन लांबून वळसा घालत होत्या. एका म्हाताऱ्यानं दुरूनच विचारलं, "डाक्टर केव्हा बसते हो?"

"डाक्टर नाई बाप्पा, माही बायको हाये अंदर!" पुंजाजी ओरडले. म्हातारा लगबगीनं निघून गेला. टोचणारी बाई असणार, असंच त्याला वाटलं असावं.

पुंजाजींनी मोटार हलवली नाही. "कौशल्याबाई येईन तं चिंचेखालीच येईन," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. कौशल्याबाई आलीच होती. पण गाडी हाकत होता तिचा मुलगा निवृत्ती, आणि मागे सून तान्हं लेकरू घेऊन बसलेली. निवृत्तीनं लांबूनच लाल फुली पाहिली आणि बैल वळवले ते थेट नदीपलीकडे, देवळाच्या मागच्या अंगाला. मावशी सरकारी मोटारीत बसून आली असेल हे कुणाच्या स्वप्नात यावं?

चतुर्दशीला पुंजाजी दिवसभर गाड्या धुंडाळत हिंडले. कुणी म्हणे वरवटच्या गाड्या आल्याच नाहीत, कुणी म्हणे मोटार पाहून परत गेल्या. संध्याकाळी मनकर्णाबाई उबदार माच्यावर बसून रडल्या. "बाई आली नाई. तिचे गुडघे... का बाईच राह्यली नाई? तुमी मले पेटीत घालून आणलं. मी कोनाले दिसत नाई, मले कोनी दिसत नाई." पुंजाजींनी विटा तापवल्या आणि आत सरकवल्या. एवढंच त्यांच्या हातात होतं.

पौर्णिमेला उजाडता उजाडता भिंत करकरू लागली. मनकर्णाबाई उठून बसल्या. लिंपलेल्या मातीचा पोपडा पडला, मग दुसरा, आणि भिंतीतून एक ओलं नाकाड आत आलं. तोंडात कडब्याचा घास होता. पुंजाजी काठी शोधू लागले. आपली भिंत कुणी चावून खातंय हे त्यांना सहन होईना.

तेवढ्यात मनकर्णाबाईंना बैलाच्या कपाळावरचा गोल पांढरा ठिपका दिसला.

"थांबा! हा तं बाईचा चांद्या हाये!"

"असन, म्हनून माही भीत खाईन?"

"खाऊ द्या त्याले. तो गेला तं बाई कुठून येईन?"

चांद्याला दरवर्षी त्याच चिंचेला बांधायचे. दावं तुटलं आणि तो सवयीनं आपल्या जागी आला. तिथे कडबाही तयार होता. निवृत्ती त्याला नदीकाठानं शोधत होता. कौशल्याबाईला मात्र बैलाची सवय ठाऊक होती. गुडघ्यावर हात ठेवत, बैलाला शिव्या घालत ती चिंचेपाशी आली. लाल फुली तिनंही पाहिली, पण बैल सोडून कसं जायचं? चांद्याची वेसण धरून तिनं त्याचं तोंड मागे ओढलं, तर भगदाडातून धाकटी बहीण तिच्याकडे पाहत होती.

"मनू?"

"बाई!"

मनकर्णाबाईंनी भिंतीतून दोन्ही हात बाहेर काढले. दार दुसऱ्या अंगाला आहे हे दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. चांद्या मधल्या मध्ये आणखी दोन पेंढ्या खाऊन गेला.

ऊन वर येण्याआधी ओटी भरली. नारळाखाली दोघींचे हात होते. परतल्यावर कौशल्याबाई माच्यावर चढून बसली, पाय त्या विटांच्या उबेशी घेतले आणि दुपारपर्यंत उतरली नाही. सूनही लेकरू घेऊन आत आली.

बाहेर पुंजाजी बारदानाचा तुकडा घेऊन भगदाड शिवत होते. चेहरा पडलेला. इतकी मेहनत केली आणि बैलानं खाल्ली. मनकर्णाबाई भगदाडापाशी आल्या आणि खाली पडलेला कडबा उचलून त्यांच्या हाती दिला. मग, उभ्या संसारात जे पुंजाजींनी कधी ऐकलं नव्हतं, ते त्या बोलल्या.

"बरं झालं बाप्पा, तुमी माह्यं ऐकलं नाई."