तांब्याची नळी

निजामाच्या अमदानीत धाराशिवहून परंड्याला टेलिफोनची तार गेली होती. तिच्या मधल्या टप्प्याची राखण विरुपाक्षकडं. गडी मूळचा अणदूरचा, घरात कानडी बोलणारा. बायको गंगम्मा तापात गेली, पोरबाळ नव्हतं, आणि साहेबानं बदली केली ती भूमच्या पुढं, माळावरच्या एका खोलीत. तिथं कानडी बोलणारं माणूस औषधाला सापडायचं नाही. आता बोलायचं तर कुणाशी, खांबाशी?

तुटलेली तार जोडायच्या दोन रीती. पोतडीत तांब्याच्या नळ्या असायच्या. तारेची दोन्ही टोकं नळीत सारून पकडीनं पिळली, की जोड वर्षानुवर्षं हलायचा नाही. दुसरा नुसता हाताचा पीळ, नळ्या संपल्या तर वेळ मारून न्यायला. वारा-पाऊस लागला की हा पीळ सैल पडायचा आणि बोलण्यात खरखर सुरू.

जोड झाला की सोबत बाळगलेला फोन तारेला लावून परंड्याला विचारायचं, आवाज पोचतो का, असा कायदा. तिकडं अण्णाराव बसायचा. तो निघाला नळदुर्गाकडचा. पहिल्याच दिवशी त्यानं कानडीत विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवलात का, एवढंच. पण गंगम्मा रोज याच शब्दांत विचारायची. विरुपाक्ष खांबावर चढलेला, डोळे पुसायला हात मोकळा नाही.

त्या दिवसापासून याच्या पोतडीतल्या नळ्या काही सरेनात. तार तुटली की घाल हाताचा पीळ. लबाडी म्हणा, माझी ना नाही. खरखर झाली की हा शिडी घेऊन पळायचा, जोड उकलून पुन्हा तसाच पिळायचा, मग दोघांचं सुरू: ज्वारी, खंडोबाची जत्रा, पाठदुखी. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. वर कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण याला भीती होती ती तो आवाज जाण्याची.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी त्यानं जोड पिळून फोन लावला. पलीकडनं अण्णाराव बोलला.

"विरुपाक्षप्पा, आता नळी घाला."

"कसली नळी?"

"तांब्याची. मला पहिल्यापासनं म्हाईत हाय. तक्रारी म्याच दाबून ठेवल्या. उद्या माझी बदली, बीदरकडं. नवा माणूस वर कळवील."

इतक्या वर्षांत जे विरुपाक्षनं कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "ऊटा आतेन्री?"

"न्हाय अजून," अण्णाराव म्हणाला. "आता जेवतो."

पुढं विरुपाक्षनं आपले सगळे कच्चे जोड काढून नळ्या घातल्या. दर वेळी पलीकडचा नवा माणूस "ठीक है" म्हणून फोन ठेवायचा. शेवटची नळी घातली आणि खरखर कायमची थांबली. साहेबानं शाबासकी दिली. शिडी मात्र खोलीच्या भिंतीला टेकून राहिली, आणि विरुपाक्ष तिच्याशेजारी बसून आभाळात वारा सुटायची वाट बघायचा.