मुरुमचा विंचू

विंचवाच्या विषाची वेबसाइट असते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मुरुम गावातल्या माझ्या दगडाच्या अड्ड्यावर एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. त्याला घडीव दगड रबलच्या, म्हणजे ओबडधोबड दगडाच्या भावात हवा होता. बाजूला पाठीवर सॅक लावलेली एक तरुण मॅडम उभी होती. भांडण मिटेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "काका, तुमच्याकडं लाल विंचू फार निघतात म्हणं."

मला काका म्हटलेलं चालत नाही. ज्यांना काम फुकटात हवं असतं ती माणसं काका म्हणतात. तिलाही फुकटातच हवं होतं, पण तिनं ते सरळ सांगितलं, म्हणून मी खुर्ची दिली.

माझा धंदा जुन्या दगडाचा. भूकंपात पडलेली गावं दुसरीकडं वसली, जुन्या गावठाणात दगडाचे ढीग राहिले. लोक त्यांना नुसते ढीग समजत होते, मला त्यात भिंती दिसल्या. मी त्या वेळी दुसऱ्याच्या ट्रॉलीवर दगड भरणारा मजूर होतो. आज अड्डा माझा आहे, टिप्पर माझे आहेत आणि कुणी हात धरून मला इथवर आणलेलं नाही. दगडाबरोबर विंचू येतोच. टिप्पर रिकामा झाला की माझा मुकादम, कर्नाटक सीमेकडचा म्हातारा माणूस, चिमट्यानं विंचू उचलून प्लास्टिकच्या डब्यात टाकतो. मजुरांच्या पायाला नको म्हणून. पुढं आम्ही ते रॉकेल टाकून मारायचो.

मॅडमनं मोबाइलवर ती वेबसाइट दाखवली. साप, विंचू, कोळी, समुद्रातले गोगलगायीसारखे जीव, सगळ्यांची विषं त्यात. एका विंचवाच्या विषात कितीतरी वेगवेगळे घटक असतात आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र पान. त्या पानावर अक्षरांची लांबच लांब माळ, घटक शरीरात कुठं काम करतो त्याची माहिती आणि खाली रकाने: प्राणी कुठला, सापडल्याचं ठिकाण, संकलक. जगातला कुणीही ते पान उघडून बघू शकतो. डॉक्टर, औषधवाले, सगळे बघतात. तिला आपल्या भागातल्या विंचवांची पानं भरायची होती, कारण जागा बदलली की विषही थोडं बदलतं आणि औषध करणाऱ्यांना कुठं काय आहे ते कळायला हवं.

मी विचारलं, संकलक म्हणजे कोण. ती म्हणाली, ज्यानं गोळा केला तो.

मग सौदा सोपा होता. मी पैसा मागितला नाही. सातबाऱ्यावर नाव लागतं तसं त्या रकान्यात माझं नाव लागलं पाहिजे, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, माझ्या गाइड सरांना विचारते, पण व्हायला हरकत नाही. तिनं छापील फॉर्म दिले. मुकादमानं विंचू पकडायचा, मी डब्यावर चिठ्ठी लावायची आणि फॉर्म भरायचा. सगळे फॉर्म मी स्वतः भरले. माझं अक्षर चांगलं आहे, शाळा अर्धवट सुटली तरी.

पावणेदोन वर्षं डबे गेले. शहरातल्या प्रयोगशाळेत विंचवाच्या शेपटीला बारीक करंट देऊन विषाचा थेंब काढतात, असं मॅडमनं सांगितलं होतं. एक दिवस तिनं लिंक पाठवली. मी गिऱ्हाईक उभं ठेवून पान उघडलं. सापडल्याचं ठिकाण: मुरुम. संकलक: त्यांच्या संस्थेचं नाव. तळाला बारीक अक्षरात 'स्थानिक मदत' असे दोन शब्द होते.

मी फोन लावला. मॅडम अडखळली. मी म्हणालो, सरांना द्या. सरांचा आवाज गोड होता. म्हणाले, ही शास्त्रीय नोंद असते, त्याला पद्धत असते, तुमचे आभार आम्ही मानलेच आहेत. मी म्हणालो, आभार ठेवा तुमच्याजवळ. विंचवाला हात कुणी घातला? तुमच्या संस्थेनं? त्या दिवसापासून डबे बंद.

दोन महिन्यांनी सर स्वतः गाडी करून आले, बरोबर मॅडम. त्यांना आणखी विंचू हवे होते, तेही मुरुमचेच, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. गरज समोरच्याची असली की मी बसून बोलतो. चहा मागवला आणि आधी नाव, मग विंचू, असं सांगितलं. सर तासभर पद्धत समजावत राहिले. मी हो-हो म्हणत गेलो आणि शेवटी पुन्हा तेच म्हणालो. अखेर त्यांनी मॅडमला लॅपटॉप उघडायला लावला. सगळ्या पानांवर माझं नाव टाकायचं ठरलं. मॅडम एकेक पान उघडून टाइप करत होती, मी शेजारी बसून बघत होतो.

तेवढ्यात सर खुशीत येऊन सांगायला लागले. तुमचा अड्डा म्हणजे नवल आहे, म्हणाले. एकाच जातीचा विंचू, एकच जागा आणि विष मात्र तीन तऱ्हेचं. असं कुठं बघितलं नव्हतं. यावर मोठा लेख लिहितोय. औषधवाल्यांनाही सांगणार, या भागातलं सगळं विष मुरुमच्या एका जागेत मिळतं, दुसरीकडं हिंडायची गरज नाही.

मुकादम चहाचे ग्लास गोळा करत होता. तो थांबला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्याचा राग आला, कारण मलाही तेव्हाच कळलं होतं.

माझ्या अड्ड्यावर दगड तीन ठिकाणचा उतरतो. लोहाऱ्याकडच्या जुन्या गावठाणांचा, कळंबकडं पाडलेल्या कापसाच्या एका जुन्या जिनिंग मिलच्या भिंतींचा आणि कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी. विंचू त्यांच्याबरोबर टिप्परमधून येतो. सापडतो मुरुमला, म्हणून मी मुरुम लिहिलं. आमच्या धंद्यात माल जिथं उतरतो तिथलाच होतो. गिऱ्हाईकही मुरुमचा दगड म्हणूनच नेतं, कुठल्या गावाची भिंत होती हे कुणी विचारत नाही.

 मॅडम शेवटच्या पानावर येईपर्यंत थांबलो. हे मी लपवत नाही. नाव लागण्याआधी तोंड उघडलं असतं तर नाव लागलंच नसतं, हे मला माणसं ओळखून माहीत आहे.

तरी नाव लागल्यावर गप्प बसता आलं असतं. बसलो नाही, त्याला कारण मुकादमाची सून. आदल्या वर्षी लोहाऱ्याकडच्या गावठाणात दगड भरताना तिला विंचवानं नांगी मारली. घामानं लुगडं भिजलं, हातपाय गार, छाती अशी धडधडत होती की पदर उडताना दिसत होता. मीच तिला माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाचली. त्या गावठाणाचं नाव यांच्या पानांवर कुठंच नव्हतं. तिकडं जायची गरज नाही, असं सर नुकतंच म्हणाले होते.

मी म्हणालो, "सर, ह्यातला एकही विंचू मुरुमचा नाही."

सरांना आधी ती थट्टा वाटली. मग मुकादम म्हणाला, "खरं हाय सायेब. समदी पाव्हणी हायेत ही. टिप्परमधनं आलेली. आपल्या अड्ड्यावर पैदा झालेला इंचू म्या अजून बघितला न्हाय."

मॅडमचे हात लॅपटॉपवरच थांबले. सर उभे राहिले. त्यांचा गोड आवाज गेला. दोन वर्षं वाया घालवलीत म्हणाले, साधं ठिकाण लिहिता येत नाही आणि नाव कसलं मागता? मीही उभा राहिलो.

"फॉर्मवर काय छापलंय? सापडल्याचं ठिकाण. सापडला कुठं? ह्या इथं, तुम्ही उभे आहात तिथं. कुठून आला, हे दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

"हे कुणालाही कळतं."

"मग तुम्हाला का नाही कळलं? दगडाच्या अड्ड्यावर आलात. दगड काय इथं उगवतो?"

सर गाडीत जाऊन बसले. मॅडम जाताना हळूच म्हणाली, बरं झालं सांगितलंत. 

आठवड्यानं पानं उघडली. माझं नाव गेलं होतं. संकलकाच्या रकान्यात पुन्हा संस्था. ठिकाणापुढं नवी टीप होती: संकलकाच्या चुकीमुळे मूळ ठिकाण अनिश्चित. मी ते वाक्य मुकादमाला वाचून दाखवलं. विंचू गोळा केला तेव्हा मी स्थानिक मदत. चूक निघाली तेव्हा मी संकलक. मुकादम म्हणाला, जाऊ द्या मालक. मी त्याच्यावरही ओरडलो.

त्यानंतर मी एक काम केलं, ते कुणासाठी केलं म्हणून विचारू नका. लोहाऱ्याकडच्या प्रत्येक गावठाणात मुकादमाला घेऊन गेलो. दगड टिप्परमध्ये चढण्याआधी विंचू तिथंच धरला, डब्यावर त्या गावाचं नाव तिथंच लिहिलं. ढिगाची कुठली बाजू, तेही लिहिलं. मग मॅडमला डब्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, टिपेतला 'चूक' हा शब्द काढा आणि घेऊन जा.

गेल्या महिन्यात ती एकटीच एसटीनं आली. टीप काढणं तिच्या हातात नाही, सर ऐकत नाहीत, म्हणाली. मग तिनं नवा फॉर्म दाखवला. त्यात आता दोन रकाने होते. एक सापडल्याचं ठिकाण, दुसरा मूळ ठिकाण, म्हणजे माती, लाकूड, दगड बाहेरून आला असेल तर कुठला.

मी म्हणालो, "रकाना बदलला म्हणजे चूक रकान्याची होती."

ती डब्यांकडं बघत म्हणाली, "हो."

"लिहून द्या."

तिनं लिहून दिलं नाही. सरांच्या हाताखाली तिची पदवी अडकलेली आहे, हे मला कळत होतं. कळलं म्हणून मी भाव उतरवला नाही. ज्या गावठाणात मुकादमाच्या सुनेला विंचू चावला, तिथला एक डबा तिच्या हातात दिला. त्याचा फॉर्म माझ्यासमोर भरून घेतला. संकलकाच्या रकान्यात माझं आणि मुकादमाचं नाव तिनं पेनानं लिहिलं, वेबसाइटवर ते टिकेल की नाही मला माहीत नाही. बाकीचे डबे टीप बदलल्यावर, असं सांगून तिला स्टँडवर सोडलं.

ते डबे अजून माझ्या ऑफिसच्या फळीवर आहेत. आठवड्यातून एकदा त्यांना झुरळं टाकावी लागतात, ते काम मुकादम करतो. टीप अजून तशीच आहे. मी रोज सकाळी बघतो.