तेवीस कोरड्या विहिरी

बन्सी खरात उस्मानपुऱ्यातल्या एका संशोधन संस्थेत अकरा वर्षं मदतनीस होता. अहवालांवर नावं लागत ती अनंतराव सरांची आणि मृण्मयी मॅडमची, पायपीट बन्सीची. चितेगावच्या पुढच्या चाळीस विहिरी तो दर महिन्याला मोजायचा. टेपच्या टोकाला खडू घासायचा, टेप आत सोडायचा आणि खडू कुठवर भिजला ते वहीत उतरवायचा. वाटेत नव्या इमारतींच्या पाट्या लागत : चोवीस तास पाणी.

२०१६च्या मार्चमध्ये तेवीस विहिरींत खडू भिजलाच नाही. बन्सीनं आकड्याच्या जागी ‘कोरडी’ लिहिलं.

त्यातली एक मनकर्णाबाईची. ती दर खेपेला त्याला चहा द्यायची.

“टँकर एकच हाय, त्योबी बंद करायचं म्हणत्यात,” ती म्हणाली. “तुझ्या सायबाला सांग, इथं काय उरलं नाय.”

“समदं वहीत लिहिलंय, मावशी. अहवाल गेला की टँकरला हात लावायची कुणाची छाती व्हणार नाय.”

एप्रिलात अहवाल छापून आला. शेवटच्या पानावर ओळ होती : ‘मोजमाप – बन्सी खरात.’ अकरा वर्षांत पहिल्यांदाच. एक प्रत घरी न्यायची असं ठरवून त्यानं आतलं पान उघडलं. परिसरातली पाणीपातळी समाधानकारक, असं लिहिलं होतं. सरासरी सतराच विहिरींची होती.

“सर, बाकीच्या तेवीस?”

“आकडा नसला की संगणक ती नोंद सोडून देतो,” अनंतराव म्हणाले. “शब्द कशाला लिहिलास? तळाची खोली लिहायची.”

“वही तुम्ही बघितली होती, सर.”

मृण्मयी मॅडमनी मान वर केली नाही. “अहवाल तहसील कचेरीत गेलाय, बन्सी. आता दुरुस्ती काढली तर तुझ्याच मोजणीवर बोट ठेवतील.”

बन्सीनं प्रत टेबलावरच ठेवली. आठ दिवसांत टँकर बंद झाला.

पुढच्या मोजणीला मनकर्णाबाई विहिरीच्या काठावरच बसलेली होती. कुणीतरी तिला ते शेवटचं पान वाचून दाखवलं होतं.

“तूच मोजलं ना रं?”

“व्हय, मावशी.”

“मग सोड तुझा टेप. दाव मला पानी.”

टेप वर आला. तिनं खडूवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट त्याच्या शर्टाला पुसलं आणि घरात गेली. बन्सीनं रकान्यात तळाची खोली लिहिली : बासष्ट फूट.

मे महिन्यात तो आला तेव्हा विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. घराचं दार लोटलेलं होतं. बन्सीनं हाक मारली नाही. त्या महिन्याचा रकाना त्यानं रिकामाच ठेवला.