आईवरचा शोधनिबंध

मी घिवली सोडली त्या सकाळी आई मला निरोप द्यायला थांब्यावर आली नव्हती. ती माझ्याच एसटीत, माझ्या शेजारी बसली होती. तिला बोईसरच्या बाजारात जायचंच होतं. ऑगस्टचे दिवस, पावसामुळे होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि अशा दिवसांत सुक्या मासळीला गिऱ्हाईक असतं. माझी सूटकेस आणि तिची बोंबलांची पाटी एकमेकींना टेकलेल्या पाहून कंडक्टर कुरकुरला, "मावशी, वास मारतो. पाटी मागं घ्या."

"मागंच हाय. तू पुढं बघ," आई म्हणाली.

पुढच्या बाकावर कुंभवलीच्या कारखान्यात जाणारा एक कामगार होता. त्याने सूटकेसकडे बघून विचारलं, "कहाँ, दीदी?" मी सांगितलं. "अरे वा, अमेरिका! फिर वापस कब?"

आईने खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने मला म्हणाली, "औंदा मीठ ओलं निघालं. दादाला सांगायचं ऱ्हायलं."

आमच्याकडे होडीवर निघालेल्या माणसाला परत कधी येणार असं विचारत नाहीत. विचारलं की समुद्र ऐकतो, असं जुनी माणसं म्हणतात. मग बायका त्या वेळी भलतंच काही बोलतात. मिठाचं, दोराचं, शेजारणीच्या कोंबडीचं. ज्याला कळायचं त्याला त्यातून कळतं. बोईसरला उतरल्यावर आईने पाटी डोक्यावर घेतली, "नीट जा" म्हणाली आणि बाजाराकडे वळली. दादा, माझा मोठा भाऊ, स्टेशनात उभा होता. तो मला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवायला आला. हे चौऱ्याऐंशी साल.

तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिलात त्यांनी मला पुष्कळदा विचारलं आहे, की मी नेमकं शिकायला कशासाठी गेले. पालघरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए., मुंबईला एम. ए., दोन वर्षं नोकरी, इथवर सगळ्यांना समजत होतं. पुढच्या विषयाचं नाव होतं रेटरिक अँड कॉम्पोझिशन. समोरच्याला पटेल असं कसं बोलावं, कसं लिहावं, याचा अभ्यास करायचा आणि तो करता करता तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध लिहायला शिकवायचं. आईला मी एवढंच सांगितलं होतं, की तिथल्या मुलांना लिहायला शिकवायचं आहे.

"त्यांना लिवता येत नाय?" तिने विचारलं होतं.

"येतं. चांगलं लिहायला शिकवायचं."

"एवढी इमानं उडवतात आन् लिवता येत नाय," ती वहिनीला म्हणाली, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आई स्वतः सही करायलाही शिकली नव्हती. अंगठा द्यायची, आणि अंगठ्याची शाई केसांना पुसायची.

तिथे विद्यापीठात आमच्या विभागाच्या भिंतीवर एक फलक होता. त्यावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'व्यावसायिक विकासाच्या संधी' लावलेल्या असत. परिषदेत निबंध कसा पाठवावा, मुलांच्या वह्यांच्या समासात काय लिहावं, मुलाखतीला काय घालावं, दोन मिनिटांत आपलं काम कसं सांगावं. पहिल्या वर्षी मला त्या फलकाचं अप्रूप होतं. कोणी मला हात धरून एवढं शिकवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. संधी हा शब्द मी तेव्हा सरळ अर्थाने घ्यायचे. पहिल्या उन्हाळ्यात शिकवायची संधी होती, दुसऱ्यात परीक्षेच्या तयारीचा वर्ग, तिसऱ्यात मुलांचं लेखन तपासण्याचं प्रशिक्षण. असे तीन उन्हाळे गेले आणि मी घिवलीला एकदाही गेले नाही. नको म्हणायची मुभा प्रत्येक वेळी होती. ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं शिफारसपत्र लिहिताना कोणाला आठवत नसत, एवढंच.

घरून निळी एरोग्राम पत्रं यायची. आई ओट्यावर बसून सांगायची आणि दादा कारखान्यातून आल्यावर लिहायचा. तो ती जराही सुधारत नसे, त्यामुळे वाचताना तिचा आवाज ऐकू यायचा. बोंबील कसे सुकले, दोर कुठे कुजला, कोणाची होडी पहिली निघाली. तू कधी येणार, असं एकाही पत्रात नसायचं. मला त्याने बरं वाटायचं. माझ्याबरोबरच्या मुलींना त्यांच्या आया फोनवर रडून विचारायच्या. माझी आई समजूतदार आहे, असं मी लोकांना सांगायचे.

चौथ्या उन्हाळ्यात मी जाणार होते. जूनचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये फलकावर नवी संधी लागली. सहा विद्यार्थी निवडून सात आठवड्यांची कार्यशाळा, शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला निबंध बाहेरच्या प्राध्यापकांसमोर वाचायचा, आणि त्या सहांतूनच पुढच्या वर्षी लेखन-वर्गांचा सहायक संचालक नेमायचा. माझी निवड झाली. त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं. 'आईला दम लागतो. बोईसरला आता रोज जात नाही. आई म्हणते, काळजी नको, काम सोडून यायचं नाही.' मी कार्यशाळा संपल्यावर ऑगस्टमध्ये येते असं कळवलं.

मेअखेर आईचं मोठं पत्र आलं. एरोग्रामच्या चारही बाजूंना लिहिलेलं, शेवटी तर चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा. पावसाआधी बोंबील डब्यांत भरले, औंदा डबे सात झाले. दोर नवा आणला, जुना कुंपणाला बांधला. शेजारच्या सुमनच्या कोंबडीने आपल्या जळणात अंडी घातली, ती कोणाची यावरून भांडण झालं. मीठ यंदा चांगलं, पांढरं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि हसले. आईला बरं वाटतंय, एवढं बोलते आहे म्हणजे बरंच वाटत असणार, असं मी मनाशी धरलं.

कार्यशाळेसाठी मी प्राचीन ग्रीकांच्या भाषणांवर काही लिहीत होते. ते वाचून लेखन-वर्गांच्या संचालक बाई म्हणाल्या, हे कोणीही लिहील. तुम्ही जिथून आलात तिथले लोक एकमेकांना कसं पटवतात, ते लिहा. मी खोलीवर येऊन आईची सगळी पत्रं काढली. घिवलीतली ती न विचारण्याची रीत मी लिहिली. न विचारणं हीच आमच्याकडची सर्वांत मोठी विनवणी आहे, आणि माणूस जितकं जास्त भलतंच बोलेल तितकं त्याला तुम्ही परत यायला हवे असता, असं मी मांडलं. उदाहरण म्हणून मेचं पत्र पूर्ण भाषांतर करून घातलं, सात डबे आणि कोंबडीसकट. 'माझ्या निरक्षर आईकडून मी वक्तृत्वाचा पहिला धडा घेतला,' असं शेवटचं वाक्य होतं. ते वाक्य जमायला मला एक अख्खी दुपार लागली.

शेवटच्या दिवशी मी तो निबंध वाचला. एका बाईंनी डोळे पुसले. लोक बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. संचालक बाई म्हणाल्या, हा नियतकालिकाला पाठवायलाच हवा, फक्त दोन आठवडे आणखी हात फिरवा. मी ते दोन आठवडेही दिले.

निबंधाच्या टिपा तपासत होते तेव्हा विभागाच्या कचेरीतून मला बोलवायला माणूस आला. दादाचा फोन होता, बोईसरच्या एसटीडी बूथवरून. आवाज जात-येत होता.

"आई गेली. काल दुपारी."

मी ओरडले, "एवढी आजारी होती तर कळवलं का नाही?"

तो म्हणाला, "लिवलेलं ना."

मी पोचले ती दहाव्यानंतर. बाराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले, आणि संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. आईच्या पाटीत वहिनीने कांदे भरून ठेवले होते. दादा म्हणाला, "तू तिकडं आईवर कायतरी लिवलंस म्हणे. वाचून दाखव."

पत्रात मीच अभिमानाने कळवलं होतं. बॅगेतून कागद काढले आणि इंग्रजी बघत बघत मराठीत सांगत गेले. होडीची रीत, एसटीतला तो कामगार, ओलं मीठ. दादा मान हलवत होता. मेचं पत्र आलं तेव्हा वहिनी म्हणाली, "ते सांगायला त्यांना तीन दिस लागले. दोन वाक्यं झाली की धाप लागायची. मी म्हणायची, पुरे आता. तर म्हणाल्या, जागा हाय अजून, कागद कोरा कशाला धाडू."

मी पुढे वाचत राहिले. जितकं जास्त भलतंच बोलेल तितकं तुम्ही हवे असता, इथपर्यंत आले तेव्हा वहिनीने मला थांबवलं. ती चौथी शिकलेली, आणि त्या निबंधाबद्दल मला विचारला गेलेला सर्वांत साधा प्रश्न तिने विचारला.

"म्हंजे तुला हे ठाव होतं?"

मी कागद मांडीवर उलटे ठेवले.

"ठाव होतं, तर मंग आली का नाय?"

दादा म्हणाला, "जाऊ दे गो." वहिनीने ते ऐकलं नाही. ती रागावलेलीही नव्हती. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. संधी होती, असं मी म्हणाले असते. घिवलीच्या ओट्यावर तो शब्द तोंडातून निघेना.

निबंध छापला गेला. त्याच्यावर मला नोकरी मिळाली. आता संशोधन करणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी कार्यशाळा मीच घेते, फलकावर संधी मीच लावते. माझा तो निबंध इतर ठिकाणी विद्यार्थ्यांना वाचायला देतात, आणि कधीतरी कोणी अनोळखी माणूस मला लिहितो की तो वाचून आपल्या आईची आठवण आली. मी आभार मानते. माझ्या आईला जे फक्त मला सांगायचं होतं ते मी भर सभेत वाचलं, आणि मला सांगितलं आहे हे मात्र मी ऐकलं नाही, हे त्यांना कसं कळवायचं? माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमच्याही कपाटात अशी पत्रं असतील. ती समजून वाचता येणं पुरेसं नसतं, एवढंच मी या सगळ्या शिक्षणातून शिकले.

दादाने आता बोईसरला जागा घेतली आहे. घिवलीचं घर बंद नसतं. वहिनी शनिवारी जाऊन झाडून येते. आईनंतर पत्रं वहिनी स्वतः लिहिते. अक्षर मोठं आणि ओळी वर चढत जाणाऱ्या. तिने आमच्या घराची रीत मोडली आहे. मिठाचं, कोंबड्यांचं ती काहीच लिहीत नाही. चार ओळी ख्यालीखुशालीच्या, आणि खाली, दरवेळी, सरळ: 'कधी येशील ते लिव. तारीख लिव.'

मी लगेच उत्तर देते. इकडे थंडी किती पडली ते लिहिते, नव्या वर्गातली मुलं कशी आहेत ते लिहिते, खिडकीसमोरच्या झाडावर खार येते तिचं लिहिते. कागद भरेपर्यंत लिहिते.