रॉकेट, मावशी आणि हरवलेलं लटकन

"मॅडम, यानं लेहेंगा खाल्ला."

शफीकभाईंनी भाजीची बास्केट माझ्या टेबलावर ठेवली. वरून ओढणी बांधलेली. आत तीन महिन्यांचा पांढरा बोका ओढणीचं टोक चावत माझ्याकडे बघत होता. मागे त्यांची मुलगी सना. बी.कॉम.ला आहे, पण त्या वेळी पहिलीतल्या पोरीसारखी रडत होती.

"अख्खा लेहेंगा?"

"नाही, त्याचं लटकन."

जळगावात माझा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. सोडून दिलेली मांजरं लोक माझ्याकडे आणून देतात आणि मी त्यांना घरं शोधते. त्याच आठवड्यात शफीकभाई सनासाठी मांजर न्यायला आले होते. तेव्हा माझ्याकडे दोन होती. एक हा, रॉकेट. नाव सनानंच ठेवलं, कारण तिच्या डोळ्यांदेखत तो पडद्यावरून थेट ट्यूबलाइटपर्यंत गेला. दुसरी मावशी. वयानं मोठी, करड्या पट्ट्यांची, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली. मावशीला ठेवाल तिथं ती बसते.

"ही तर पेन्शनर आहे," शफीकभाई म्हणाले होते आणि रॉकेटला घेऊन गेले होते.

मांजर देण्याआधी मी विचारपूस करते. दिवसभर घरी कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का, घरात काय काय लोंबतं. लोंबणारी प्रत्येक वस्तू पिल्लाला उंदीर वाटते. "आमच्या घरात काहीच लोंबत नाही," असं शफीकभाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मग लेहेंगा कुठून आला?"

"दुकानातला. आम्ही लग्नाचे कपडे शिवतो ना."

"आणि दुकान कुठंय?"

"घरातच. पुढच्या खोलीत." मग म्हणाले, "तुम्ही घराचं विचारलं होतं, मॅडम."

मी रॉकेटचं तोंड उघडून जिभेखाली बघितलं. मांजरानं दोरा गिळला की तो कधीकधी जिभेखाली अडकतो आणि दुसरं टोक आतड्यात उतरतं.

"मग काय होतं?" शफीकभाईंनी विचारलं.

"पायजम्याची नाडी ओढली की काय होतं?"

त्यांनी हवेतच नाडी ओढून दाखवली. "चुण्या पडतात."

"तेच आतड्याचं होतं. मग पोट उघडावं लागतं."

शफीकभाई खुर्चीत बसले.

जिभेखाली काही नव्हतं. पोट मऊ होतं. दोरा एक्स-रेत दिसत नाही, पण लटकनाला पितळी घुंगरं होती, ती दिसली असती. एक्स-रे काढताना मांजर धरायला माणूस लागतो आणि त्याला शिशाचा जड एप्रन घालावा लागतो. शफीकभाईंनी कुर्त्यावरचं जाकीट काढलं, एप्रन चढवला आणि डोळे मिटून रॉकेटला धरलं. रॉकेट एप्रनचा पट्टा चावत होता.

एक्स-रेत चिमुकली हाडं दिसली, सकाळचा नाश्ता दिसला. घुंगरू एकही नाही.

"मग गेलं कुठं?" सना म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून एक आजीबाई आत आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, दम लागलेला. नातीच्या लग्नाचा लेहेंगा न्यायला त्या धुळ्याहून आल्या होत्या. दुकानात कळलं की मालक मांजराच्या डॉक्टरकडे गेले.

"आमना लेहेंगा कोठे शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"अक्का, तयार आहे, फक्त..." शफीकभाई त्यांच्याकडे वळले. छुन् असा आवाज झाला. त्यांनी दचकून मागे पाहिलं. पुन्हा छुन्. ते उलट्या बाजूनं वळले. छुन्.

अक्का चष्मा सावरून म्हणाल्या, "भाऊ, तुमना पाठवर हाई काय लटकी ऱ्हायनं?"

कोणाला काही कळायच्या आत रॉकेटनं टेबलावरून झेप घेतली आणि तो शफीकभाईंच्या पाठीला चिकटला. लटकन तिथं होतं. सकाळी ते तोंडात धरून तो त्यांच्या पाठीवर चढला असणार. त्याचा दोरा कुर्त्याच्या भरतकामात अडकला आणि वरून जाकीट आलं. शफीकभाई गोल गोल फिरत होते, रॉकेट त्यांच्याबरोबर फिरत होता, घुंगरं वाजत होती. अक्का हसता हसता खुर्चीवर बसल्या. माझा कंपाउंडर भिंत धरून हसत होता. मला तर लटकन सोडवायला कात्री धरवेना.

मी लटकन तपासलं. दोऱ्यासकट पूर्ण होतं. म्हणजे पोटात काही नाही.

हसणं ओसरल्यावर सनानं रॉकेटला उचललं आणि बराच वेळ गालाशी धरलं. "अब्बू, आज वाचला. आपल्याकडे रोज दोरे असतात." तिनं त्याला माझ्या हातात दिलं आणि पिंजऱ्यातून मावशीला काढलं. मावशी रिकाम्या पोत्यासारखी तिच्या खांद्यावर पडली. शफीकभाईंनी यावेळी पेन्शनरसाठी बास्केट पुढे केली.

"मंग हाऊ पांढरा मी लई जासू," अक्का रॉकेटला घ्यायला हात पुढे करत म्हणाल्या. "आमना घरमा बठ्ठं शे, मांजरच नही."

"लग्नघरात नको, अक्का. आधी लग्न होऊ द्या."

लग्न झालं. मी धुळ्याला जाऊन घर बघितलं. पाच नातवंडं, रिकामी लांब पडवी, गच्चीला जाळी. दोरीवरचं आबांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं, धोतर सोडलं तर काहीच लोंबत नव्हतं. रॉकेट पहिल्याच दिवशी त्या धोतराला लटकला. तेव्हा ते आबांच्या अंगावर होतं. आबा आता घरात लेंगा घालतात आणि रॉकेटला मांडीवर घेऊन पेपर वाचतात.

मावशी शफीकभाईंच्या काउंटरवर बसते. काळ्या शेरवान्यांवर केस पडतात, ही त्यांची एकच तक्रार. सना ते चिकटपट्टीनं काढते.

लोक मांजर निवडताना रंग बघतात, डोळे बघतात, शेपटी किती झुबकेदार ते बघतात. मी आता आधी त्यांच्या घरी चहाला जाते. त्यानंतर माझं एकही मांजर परत आलेलं नाही. माझं वजन मात्र वाढलं आहे.